नवा उपचार, पण कोणासाठी? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे आरोग्याविषयीची आहेत. नव्या उपचाराची बातमी वर्तमानपत्रात येते, तेथून ती नात्यागोत्यांच्या व्हॉट्सॲप गटांत पोचते आणि या प्रवासात तो उपचार कोणत्या आजारावर, कोणत्या टप्प्यावर आणि किती खर्चात, हे तपशील गळून पडतात. म्हणून या वेळी त्या तपशिलांवरच भर दिला आहे. प्रश्न घरातील आजारपणाचे असल्याने पत्रलेखकांची नावे न छापता केवळ ठिकाणे दिली आहेत आणि काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत. औषध सुरू करण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न (लालबाग) : माझ्या मेहुण्यांना जिभेचा कर्करोग असून शस्त्रक्रिया आणि किरणोपचारानंतर तो पुन्हा उलटला आहे. मुंबईतच कर्करोग एका सलाइनमध्ये बरा करणारा उपचार निघाला असून त्याला चाळीस लाख रुपये लागतात, असा संदेश आमच्या गटावर फिरतो आहे. घर गहाण ठेवून तो करावा, असे माझी बहीण म्हणते. आम्ही काय करावे?

उत्तर : घर गहाण ठेवू नका. संदेशातील उपचार खरा आहे, तो मुंबईतच विकसित झाला आहे, परंतु तो जिभेच्या कर्करोगावरचा नाही.

पवईची आयआयटी आणि परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय यांनी मिळून घडवलेल्या या उपचाराचे नाव ‘नेक्सकार-१९’ असे आहे. केंद्रीय औषध नियामकाने त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. टी-पेशी हा शरीराचे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार आहे. रुग्णाच्या रक्तातून या पेशी यंत्राच्या साहाय्याने वेगळ्या काढतात. रोगकारक क्षमता काढून घेतलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात एक नवे जनुक सोडतात. त्या जनुकामुळे ‘सीडी-१९’ नावाचे प्रथिन ओळखून त्याला चिकटणारा भाग पेशींच्या पृष्ठभागावर तयार होतो. आणि अशा पेशींची संख्या प्रयोगशाळेत वाढवून त्या पुन्हा रुग्णाच्या शिरेतून दिल्या जातात. नातेवाइकांना यातले शेवटचे पाऊलच दिसते, त्यामुळे ‘एका सलाइनमध्ये’ ही समजूत पसरली असावी.

सीडी-१९ हे प्रथिन रक्तातील बी-पेशींवर (याही पांढऱ्या पेशीच) असते. त्यामुळे हा उपचार बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या काही ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आणि लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) या आजारांतच उपयोगी पडतो, आणि तोही नेहमीच्या उपचारांना आजाराने दाद दिली नाही किंवा तो पुन्हा उलटला तर दिला जातो. जिभेच्या कर्करोगाच्या पेशींवर ते प्रथिनच नसते, म्हणजे या टी-पेशींना तेथे ओळखण्यासारखे काही सापडणार नाही. योग्य रुग्णांमध्येही यशाची खात्री नसते. या उपचाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये आजाराने प्रतिसाद दिला. प्रतिसाद मिळणे आणि कायमचे बरे होणे यांत अंतर आहे. शिवाय शरीरात एकाएकी दाह उसळणे, तीव्र ताप, रक्तदाब खाली येणे, निरोगी बी-पेशीही नष्ट झाल्याने पुढे वारंवार जंतुसंसर्ग होणे, असे धोके असल्याने हा उपचार सुसज्ज रुग्णालयातच करावा लागतो.

खर्चाबद्दल. अमेरिकेत या जातीच्या पहिल्या उपचाराला २०१७ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. त्या मानाने चाळीस लाख रुपयांच्या आसपासची आपल्याकडील किंमत फारच कमी आहे, आणि तरीही ती लालबागमधल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत असते, यावरून दरीची कल्पना यावी. हे संशोधन सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांत घडले असल्याने त्याची किंमत आणखी कशी उतरेल, हे विचारण्याचा हक्क नागरिकांना आहे, आणि तो प्रश्न सतत विचारला गेला पाहिजे असे मला वाटते.

तुमच्या मेहुण्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असलेले दुसरेच एक संशोधन परळच्याच रुग्णालयात झाले आहे, आणि ते कोणत्याही गटावर फिरताना दिसत नाही. डोके, मान व तोंडाचा कर्करोग उलटला किंवा पसरला, तर ‘निव्होलुमॅब’ हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध वापरता येते. पण त्याची पूर्ण मात्रा भारतातील फार थोड्या रुग्णांना परवडते. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, औषध तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिले. केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्के होते, तर अल्प मात्रेचे हे औषध जोडलेल्या गटात ते ४३.४ टक्के झाले. चाचणी लहान होती, सुमारे दीडशे रुग्णांची, परंतु तिने जगभरातील तज्ज्ञांना पूर्ण मात्रेच्या गरजेबद्दल विचार करायला लावले. हा उपचार आजार मुळापासून काढत नाही, आयुष्य वाढवतो, हेही घरात स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे. तो तुमच्या मेहुण्यांना लागू आहे का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा आणि त्याच वेळी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन कोणत्या योजनेतून व कोणत्या न्यासाकडून मदत मिळू शकते याची यादी मागून घ्या. त्या खिडकीपर्यंत न जाताच दागिने मोडणारी कुटुंबे बरीच असतात.

प्रश्न (गोवंडी) : आमच्या वस्तीतील शिबिरात कॅमेऱ्याएवढ्या यंत्राने छातीचा एक्स-रे काढला आणि संगणकाने माझ्या धाकट्या भावाला टीबीची शक्यता दाखवली. त्याला खोकलाही नव्हता. पुढील तपासणीत औषधांना दाद न देणारा टीबी निघाला. आमच्या वडिलांना २०१५ मध्ये हाच आजार झाला, तेव्हा जवळजवळ दोन वर्षे गोळ्या आणि इंजेक्शने चालली आणि त्यांना ऐकू येईनासे झाले. भावाला मात्र सहाच महिने औषध सांगितले आहे. गरिबांच्या बाबतीत ही काटकसर तर नाही ना?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, कारण वडिलांचा अनुभव समोर आहे. परंतु सहा महिन्यांचा हा उपचार काटकसरीतून आलेला नाही. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी तो एक आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन अशी चार औषधे त्यात एकत्र दिली जातात आणि इंजेक्शन एकही नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याची शिफारस केली आणि भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये तो राष्ट्रीय कार्यक्रमात वापरण्यास मान्यता दिली. बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तान येथे झालेल्या चाचणीत जुन्या लांबलचक उपचारात अपेक्षित परिणाम न मिळालेले किंवा उपचार अर्धवट थांबवावे लागलेले रुग्ण ४८ टक्के होते. नव्या उपचारात ते ११ टक्क्यांवर आले. उपचार लांबला की रुग्ण कंटाळतो, मजुरी बुडते, गोळ्यांनी पोटात कालवते आणि औषध सुटते, हे गोवंडीत कोणाला सांगायला नको.

वडिलांची श्रवणशक्ती गेली ती बहुधा त्या काळी दिल्या जाणाऱ्या कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांमुळे. ती औषधे अंतर्कर्णातील नाजूक पेशी कायमच्या मारतात. या हानीशी निगडित एक लढा मुंबईकरांना ठाऊक असायला हवा. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींची श्रवणशक्ती टीबीच्या औषधांनी हिरावली होती. बेडाक्विलिनवरील आपला एकाधिकार २०२३ नंतरही चालू राहावा यासाठी मूळ कंपनीने केलेल्या पेटंट अर्जाला या दोघींनी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. त्यामुळे हे औषध इतर कंपन्यांना बनवता येण्याची वाट खुली झाली. तुमच्या भावाच्या हातात आज जी गोळी आहे, तिच्यामागे हाही इतिहास आहे.

नव्या औषधांचेही दुष्परिणाम आहेत आणि ते लपवू नयेत. लिनेझोलिडमुळे तळव्यांना मुंग्या येणे, जळजळ होणे, दृष्टी अंधूक होणे किंवा हिमोग्लोबिन घटणे संभवते. बेडाक्विलिनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून ठरलेल्या तारखेला ईसीजी आणि रक्ततपासणी चुकवू नका. रंग फिकट दिसू लागले किंवा पायांना मुंग्या आल्या, तर गोळ्या स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी केंद्रावर सांगा; मात्रा बदलता येते.

संगणकाच्या एक्स-रेवर विश्वास किती ठेवावा, हे तुम्ही विचारले नाही, परंतु भावाला खोकला नव्हता या तुमच्या वाक्यात तो प्रश्न दडलेला आहे. छातीच्या एक्स-रेची छाननी करणाऱ्या संगणकप्रणालींच्या वापराला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी अनुमती दिली. अशा प्रणाली तयार करणाऱ्या कंपन्यांपैकी क्युअर डॉट एआय ही मुंबईचीच आहे. प्रणाली निदान करत नाही. कोणाच्या थुंकीची तपासणी आधी करावी, एवढेच ती सांगते, आणि निदान पुढच्या जनुकीय चाचणीत होते, जसे तुमच्या भावाचे झाले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात असे आढळले की, केवळ खोकला-तापासारख्या लक्षणांवर विसंबून राहिले असते, तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते; ते एक्स-रेमुळेच हाती लागले. तज्ज्ञ क्ष-किरण डॉक्टर प्रत्येक वस्तीत बसवणे शक्य नाही, अशा ठिकाणी हे यंत्र खरोखर उपयोगाचे आहे.

तरीही यंत्राचे कौतुक एका मर्यादेतच करावे, असे माझे मत आहे. गोवंडी-मानखुर्द पट्ट्यातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा जवळजवळ पोचतच नाही, आणि अशा घरांमध्ये टीबीचे प्रमाण अधिक आहे, असे त्यात दिसले. झोपडी गेली आणि पक्के घर मिळाले, पण जंतू हवेत तासन्‌तास टिकून राहतील अशीच खोली वाट्याला आली. संगणक रुग्ण शोधून देईल, गोळ्या त्याला बरा करतील आणि तो पुन्हा त्याच खोलीत झोपायला जाईल. याचे उत्तर औषधशास्त्राकडे नाही, ते इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्यांकडे आहे.

अन्नाचेही तसेच. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या मोठ्या चाचणीत टीबीच्या रुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे पुरवली, तेव्हा त्या कुटुंबांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातील मृत्यूही बरेच कमी झाले. सरकारकडून प्रत्येक रुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १००० रुपये झाली आहे. ती भावाच्या खात्यात येते आहे का, हे पाहा. येत नसेल तर बँक खात्याचा तपशील केंद्रावर पुन्हा नोंदवून घ्या. घरातील सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी लगेच करून घ्या. भावाची खाट खिडकीजवळ हलवा आणि दिवसा खिडकी उघडी ठेवा.

प्रश्न (विलेपार्ले) : माझ्या मुलीचे लग्न येत्या हिवाळ्यात आहे. तिचे वय २६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो असून तिला कोणताही आजार नाही. वजन घटवणारी इंजेक्शने आता स्वस्त होत असल्याचे ऐकतो. लग्नापर्यंत घेऊन नंतर बंद केली तर चालेल का?

उत्तर : माझ्या मते तिने ती घेऊ नयेत.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही दोन औषधे सध्या चर्चेत आहेत. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांची नक्कल करून ती मेंदूला पोट भरल्याचा संदेश देतात आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये. आणि सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपल्याने देशी कंपन्यांना ते बनवण्यात आडकाठी उरली नाही. किमतीविषयी तुम्ही ऐकले ते यामुळेच. परिणामाबद्दल शंका नाही : मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, तर औषधाविना केवळ आहार-व्यायाम करणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. परंतु त्याच चाचणीतील लोकांनी औषध थांबवल्यावर एका वर्षाच्या आत घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणजे लग्नापुरते औषध घेणे याचा अर्थ पहिल्या वर्षदिनापर्यंत वजन बरेचसे परतणे.

ही औषधे सामान्यतः ३० किंवा त्याहून अधिक बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) असलेल्यांसाठी, अथवा २७ च्या पुढे बीएमआय असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार असलेल्यांसाठी आहेत. तुमच्या मुलीचा बीएमआय २५.६ येतो. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास नेहमीचे आहेत. पित्ताशयात खडे होणे व स्वादुपिंडाला सूज येणे हे कमी आढळणारे, पण गंभीर. घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. लग्न ठरले असल्याने आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे : गर्भधारणेचा विचार असेल, तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते, आणि टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. दुकानदाराकडून परस्पर इंजेक्शन आणणाऱ्या मुलींना हे कोणी सांगत नाही.

हे वाचून कोणी असेही समजू नये की २५.६ हा आकडा दुर्लक्षिण्यासारखा आहे. भारतीयांचे शरीर फसवे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्रच छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याच कारणाने आशियाई लोकांसाठी जादा वजन आणि लठ्ठपणा यांच्या बीएमआयच्या मर्यादा खाली, अनुक्रमे २३ आणि २५ अशा, धरल्या जातात. मुलीच्या कमरेचा घेर मोजा, साखर तपासा, आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम तिला सुरू करू द्या आणि जेवणात डाळ-उसळींचे प्रमाण वाढवा. या गोष्टी लग्नानंतरही चालू ठेवता येतात.

ज्यांना ही औषधे खरोखर हवीत, ते निराळे लोक आहेत. हृदयविकार झालेल्या आणि वजन अधिक असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केले. किंमत उतरल्याचा लाभ महापालिकेच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभ्या असलेल्या अशा पन्नाशीच्या माणसाला मिळतो, की लग्नसराईच्या ‘पॅकेज’ला, यावर या औषधाचे सामाजिक मोल ठरेल. सध्या तरी जाहिराती दुसऱ्या बाजूला झुकलेल्या आहेत.

प्रश्न (बोरिवली) : माझा नातू माझे रक्ताचे अहवाल चॅटजीपीटीला दाखवून मला काय खावे, कोणती गोळी कमी करावी हे सांगतो. वय ७१. ऐकावे का?

उत्तर : गोळीच्या बाबतीत मुळीच ऐकू नये. अशा प्रणाली वाक्ये सफाईने जुळवतात. तुमची मूत्रपिंडे, तुमच्या इतर गोळ्या आणि दहा वर्षांपूर्वी येऊन गेलेला एखादा झटका त्यांना कोणी सांगितल्याशिवाय ठाऊक नसतो, आणि चुकले तर जबाबदार कोणी नसते. २०२५ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एका साठ वर्षांच्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. आहारातील क्लोराइड टाळण्यासाठी त्याने मिठाऐवजी तीन महिने सोडियम ब्रोमाइड खाल्ले आणि भ्रमिष्टावस्थेत रुग्णालयात पोचला. हा पर्याय आपल्याला चॅटजीपीटीशी बोलताना सापडला, असे त्याने सांगितले होते. अहवालातील शब्दांचा अर्थ मराठीत समजून घेणे आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर उतरवणे, यासाठी नातवाची मदत जरूर घ्या. अहवाल चढवण्यापूर्वी नाव व फोन क्रमांक झाकायला मात्र त्याला सांगा.

प्रश्न (गिरगाव) : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस सुचवली. सासूबाई म्हणतात की इतक्या लहान मुलीला ही कशाला, आणि पूर्वी या लशीने मुली दगावल्या होत्या. दोन मात्रा हव्यात की एक, यावरही वेगवेगळे ऐकू येते.

उत्तर : लहान वयातच देण्याचे कारण सोपे आहे. हा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, तो शरीरसंबंधातून पसरतो आणि विषाणूशी गाठ पडण्याआधी लस दिली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो. या वयात शरीराचा प्रतिसादही अधिक चांगला असतो. सासूबाईंना हे लाजेचा विषय न करता गोवर किंवा धनुर्वाताच्या लशीसारखे सांगितल्यास पटावे.

त्यांची दुसरी शंका निराधार अफवा म्हणून झटकू नये. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील एका प्रकल्पात लस दिलेल्या मुलींपैकी सात जणी दगावल्या आणि मोठा गदारोळ झाला. चौकशीत ते मृत्यू लशीशी निगडित असल्याचे आढळले नाही. परंतु पालकांची संमती नीट घेतली गेली नव्हती, हे उघड झाले आणि त्यावरील टीका योग्यच होती. गंमत अशी की त्याच गदारोळातून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघाले. त्या वेळी देशातील अनेक केंद्रांवर, त्यांत आपल्याकडील बार्शी, पुणे आणि मुंबईही आली, दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा एक वेगळा अभ्यास चालू होता. २०१० मध्ये लसीकरण थांबवण्याचा आदेश आला आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर, २०२१ मध्ये, असे दिसून आले की एका मात्रेनेही विषाणूच्या १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्याच्या आधारांपैकी हा एक होय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ बाजारात आली, तेव्हा तिच्या एका मात्रेची किंमत २००० रुपये होती. तिच्या अधिकृत माहितीपत्रकात ९ ते १४ वर्षांसाठी सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा सांगितल्या आहेत. खासगी डॉक्टर त्यानुसार दोन देतील आणि त्यात काही गैर नाही. परवडत नसेल तर एक मात्रा ही काहीच न देण्यापेक्षा कितीतरी चांगली आहे.

तुमच्या पत्रात तुमचे स्वतःचे वय नाही, पण अकरा वर्षांच्या मुलीची आई म्हणून ते तिशीच्या पुढे असावे. लस मुलीसाठी आहे; तुम्हाला तपासणीची गरज आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलाच घटक, लावून पाहण्याची तपासणी करवली आणि या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवल्याबद्दल त्या अभ्यासावर टीकाही झाली, पण निष्कर्ष वादातीत आहे. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, निष्कर्ष काही मिनिटांत कळतो. मुलीला लशीसाठी न्याल त्याच दिवशी जवळच्या पालिका प्रसूतिगृहात किंवा दवाखान्यात ही तपासणी कोणत्या वारी होते ते विचारून या, आणि सासूबाईंना अंगावरून रक्त जाण्याचा किंवा पांढरे जाण्याचा त्रास असेल, तर वयाचा विचार न करता त्यांनाही दाखवा.